वजन, घोरणे आणि भूल : ऑपरेशनपूर्वी काय सांगावे?



ऑपरेशन ठरले की आपली माणसे सर्जन कोण, टाके किती, घरी कधी सोडणार, सगळे विचारतात. भूल देणाऱ्या डॉक्टरला मात्र "नीट झोपवा हो" एवढेच सांगतात. मी तोच डॉक्टर. इथे आम्हाला ‘मरदीम’ म्हणतात, म्हणजे झोपवणारा. खरे तर झोपवणे हा माझ्या कामातला सोपा भाग आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास सांभाळणे हे मुख्य काम, आणि अंगाने जाड असलेल्या माणसाच्या बाबतीत ते अवघड होते. ते का, आणि त्यात तुम्ही काय मदत करू शकता, हे आज सांगतो.

पिंपातले पाणी

पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि स्वतःचा श्वास थांबतो. मग आम्ही तोंडातून श्वासनलिकेत एक नळी घालून यंत्राने श्वास देतो. नळी बसेपर्यंतचा वेळ फुप्फुसांत साठलेल्या ऑक्सिजनवर काढायचा असतो. नळाचे पाणी गेले की घर पिंपातल्या पाण्यावर चालते, तसेच हे.

आधी मास्कने पुरेसा ऑक्सिजन दिलेला असेल तर सडपातळ, निरोगी माणसाला हा साठा साधारण ८ मिनिटे पुरतो. अतिलठ्ठ माणसाला तो ३ मिनिटेही पुरत नाही. आडवे झोपले की पोटाचा भार छातीकडे सरकतो, फुप्फुसे दबतात. म्हणजे पिंप लहान होते. उलट मोठ्या शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे घरात माणसे जास्त. शिवाय जिभेभोवती आणि गळ्यात चरबी असल्याने वाट अरुंद होते. मास्कने हवा आत जायला त्रास होतो, आणि नळी घालताना स्वरयंत्र दिसायलाही कधीकधी त्रास होतो.

आपल्या लोकांची आणखी एक गोष्ट. हिंदुस्थानी शरीरात चरबी पोटावर लवकर साठते. म्हणून "मी काही फार जाड नाही" असे म्हणणाऱ्यानेही कमरेचा घेर मोजावा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रीचा ८० हून जास्त असेल तर ती लक्ष देण्याची गोष्ट आहे.

आम्ही काय पाहतो

मरदीम तुम्हाला तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतो. पडजीभ किती दिसते यावरून वाट किती मोकळी आहे याचा अंदाज येतो. ही पद्धत आंध्र प्रदेशात जन्मलेल्या डॉ. मल्लमपती यांनी अमेरिकेत काम करताना १९८५ साली मांडली, आणि आज ती जगभर वापरतात. मान मागे जाते का आणि मानेचा घेर किती, हेही पाहतो. ४० सेंटिमीटरहून जास्त घेर असला की आम्ही झोपेतल्या श्वासाबद्दल अधिक चौकशी करतो.

मग तयारी. डोके व खांदे उंच करून झोपवतो, इतके की कानाचे भोक आणि छातीच्या हाडाचे वरचे टोक एका आडव्या रेषेत येईल. ऑक्सिजनचा मास्क घट्ट बसवतो. त्या वेळी घाबरून मास्क दूर करू नका, सावकाश खोल श्वास घ्या. पिंप तेव्हाच भरत असते. कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप हाताशी ठेवतो. फारच अडचण दिसली तर घसा बधिर करून, माणूस जागा असतानाच नळी घालतो.

घोरण्याची लाज

एका आजींचे पित्ताशय काढायचे होते. वजन १०० किलोच्या पुढे. "घोरता का?" मी विचारले. "छे हो!" सूनबाई खाली पाहत राहिल्या; सासूबाईंसमोर कसे बोलायचे? शेवटी नातू हिब्रूत म्हणाला, "डॉक्टर, सावता रात्री घोरते आणि मध्येच आवाज बंद होतो. मी घाबरून तिला हलवतो."

एवढ्या एका वाक्याने आमची सगळी आखणी बदलली. आधी झोपेची तपासणी झाली, सीपॅप मशीन मिळाले, मग ऑपरेशन. नळी पहिल्याच प्रयत्नात बसली. ऑपरेशननंतर त्यांना बसते ठेवले, झोप आणणारी वेदनाशामके कमी दिली आणि पहिली रात्र देखरेखीखाली सीपॅपवर काढली. कारण धोका नळी काढल्यावर संपत नाही. भुलेचा अंमल आणि दुखण्यावरची तीव्र औषधे यांमुळे गळा पुन्हा मिटू शकतो.

घोरणे ही बदनामी नव्हे. ती डॉक्टरला हवी असलेली माहिती आहे.

हे जरूर सांगा

१. घोरणे, झोपेत श्वास थांबणे, दिवसा पेंगणे. हिब्रूत पुरुषाने "अनी नोखेर" आणि स्त्रीने "अनी नोखेरेत" म्हणावे. तपासणी झाली असेल तर "येश ली दोम नेशिमा ब-शेना." झाली नसेल तर कुपत खोलीमच्या डॉक्टरांशी बोला.

२. सीपॅप असेल तर ते बेत खोलीमला सोबत न्या.

३. पूर्वी भूल देताना त्रास झाला असेल तर त्याचा कागद दाखवा.

४. ओझेम्पिकसारखी वजनाची किंवा साखरेची इंजेक्शने घेत असाल तर काही दिवस आधीच कळवा. त्यांनी पोटातले अन्न उशिरा पुढे सरकते आणि भुलेत ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बंद करायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. स्वतः ठरवू नका.

५. कवळी, हलणारे दात. दाट दाढीमुळे मास्क नीट बसत नाही. दाढी काढायची नसेल तर तसे आधी सांगा, आम्ही वेगळी सोय करतो.

उपाशी राहण्याविषयी : हलके खाणे ६ तास आधी बंद. तळलेल्या पुऱ्या, मटण, खोबऱ्याच्या दुधातले सालन यांना ८ तास तरी द्या. साधे पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र पाणी नव्हे, तो खाण्यातच धरा! रविवारी सकाळी ऑपरेशन असेल तर शनिवारी रात्रीच्या जेवणाची वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवा. तुमच्या बेत खोलीमने वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा.

आणि घरच्यांना एक विनंती. म्हाताऱ्या माणसासोबत भाषांतराला जाल तेव्हा त्यांच्या खोलीशेजारी झोपणाऱ्यालाच पाठवा. रात्री काय ऐकू येते, ते त्यालाच ठाऊक असते.