पाण्याकाठचा पाहुणा: ठिपकेवाला तुतवार



अरुणावती धरणाचं पाणी उतरू लागलं की काठच्या चिखलात, गाळपेरीच्या वावरात, शेततळ्याच्या कडेला एक लहान तपकिरी पक्षी टुकूटुकू चालताना दिसतो. बरेच जण त्याला टिटवीचं पिल्लू समजतात. पिल्लू नाही तो. टिटवी बारा महिने इथलीच, हा मात्र पाहुणा. उत्तर युरोपापासून सायबेरियापर्यंतच्या दलदलीत त्याची वीण होते. तिकडे बर्फ पडायच्या आत निघतो आणि ऑगस्टपासून आपल्याकडे यायला लागतो. एप्रिल-मे आला की परत. वजन पाऊणशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढं, आणि प्रवास हजारो किलोमीटरचा!

*ओळखायचा कसा?*
साळुंकीपेक्षा थोडा लहान. पाठ तपकिरी, त्यावर पांढुरके ठिपके. पोट पांढरं. डोळ्यावरून मागपर्यंत गेलेली पांढरी भुवई. चोच सरळ, पाय लांब आणि पिवळसर. दचकून उडाला की कमरेवरचा पांढरा भाग चमकतो आणि 'चिफ-इफ-इफ' असा बारीक आवाज येतो.

त्याचे दोन भाऊबंद याच पाण्यावर येतात. हिरवा तुतवार जास्त काळपट, पाय हिरवट, पांढरी भुवई डोळ्यापुढेच थांबते. तो बहुतेक एकटाच एखाद्या डबक्यावर असतो. दुसरा, साधा तुतवार, सतत शेपूट वरखाली हलवतो. ते पाहिलं की ओळख पटलीच म्हणून समजा.

*खातो काय?*
चिखलातले किडे, त्यांच्या अळ्या, गांडुळासारखे जीव, बारीक गोगलगायी. आपल्या गव्हा-हरभऱ्याचं नुकसान हा करत नाही. पण हेही सांगून ठेवतो, हा घाटेअळी संपवणारा पक्षी नाही. अळी झाडावर, हा चिखलात. त्या कामाला कोतवाल आणि साळुंकी. त्यांच्यासाठी हरभऱ्यात पक्षी-थांबे लावायचे ते लावाच.

*आता कामाचं*
हा पक्षी दिवसभर चोच चिखलात घालून खातो. काठावर फवारलेलं औषध आधी त्या चिखलात आणि मग त्याच्या पोटात जातं. तेच पाणी आपली गुरं पितात. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. म्हणून गाळपेर करणाऱ्यांनी पाण्यालगतचा पट्टा फवारणीतून सोडावा. पंप नाल्यात, कालव्यात किंवा तळ्यात धुऊ नये. धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब, पडीक जागेत टाकावं. घरात जुनं फोरेट पडून असेल तर वापरू नका, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आहे.

कोणी काठावर जाळं लावत असेल किंवा विष घातलेले दाणे टाकत असेल तर त्याला समजावून सांगा. ऐकलं नाही तर वन विभागाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार हा गुन्हा आहे.

एका जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांना बर्ड फ्लू निघाला होता. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी त्यांना धरणकाठी मोकळं सोडू नये.

मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी असेल तर लांबूनच झूम करून आकडे वाचता येतील असा फोटो काढा. अशा कड्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी घालते, आकडा त्यांना कळवता येतो.

आणि जिवंत तुतवार दिसला तर या नंबरवर फोटो पाठवा, सोबत गाव आणि तारीख लिहा. फोटोत पाय दिसले पाहिजेत, नाहीतर पिवळसर की हिरवट तेच कळत नाही 🙂