स्थानकाची रचना आणि एका पायरीचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यातील अनेक नागरिक औषधोपचार, शिक्षण व शासकीय कामांसाठी मुंबई, नागपूर व पुणे या शहरांत जातात. मुंबईत २०१४, नागपुरात २०१९ आणि पुण्यात २०२२ मध्ये मेट्रो रेल्वे सुरू झाली. तिच्या वेगाची चर्चा बरीच होते. परंतु तिच्या स्थानकांची रचनाही अभ्यासण्याजोगी आहे.

फलाट आणि डबा

भारतीय रेल्वेच्या उंच फलाटाची उंची रुळांपासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असते. डब्याचा तळ त्याहून बराच वर असतो. अकोला–पूर्णा लोहमार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ मध्ये पूर्ण झाले व हिंगोलीचे दळणवळण सुधारले. तथापि डब्यात चढताना वृद्ध, गर्भवती व दिव्यांग प्रवाशांना होणारा त्रास उरलाच. मेट्रोमध्ये फलाट व डब्याचा तळ जवळजवळ एका पातळीवर असतात. त्यामुळे चाकांची खुर्ची सरळ आत जाते आणि सर्वांचीच चढउतार लवकर होते.

हलक्या रेल्वेची रीत

मेट्रोचे फलाट बहुधा रस्त्याच्या वर किंवा जमिनीखाली असतात. तेथवर पोहोचण्यासाठी उद्वाहक व सरकते जिने बसवावे लागतात. रस्त्यावरून धावणाऱ्या हलक्या रेल्वेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. फ्रान्समधील ग्रेनोबल शहरात १९८७ मध्ये सुरू झालेल्या ट्रामच्या डब्याचा तळच खाली आणण्यात आला. तेथे पदपथाहून थोडासा उंच फलाट व त्यावर नेणारा सौम्य उतार पुरेसा ठरतो. मुंबईत १८७४ ते १९६४ या काळात धावलेल्या ट्राममध्ये मात्र पायरीवरूनच चढावे लागे.

गावासाठी बोध

ही दृष्टी ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, आरोग्य उपकेंद्र व बस थांबा यांनाही लागू पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम असणे आवश्यक आहे. उताराचे प्रमाण १ : १२ पेक्षा तीव्र नसावे. म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्यास किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. जागा वाचविण्यासाठी केलेला आखूड व उभा उतार निरुपयोगी, प्रसंगी धोक्याचाही ठरतो. यास्तव जागेची तरतूद मूळ आराखड्यातच करावी. गावातील दिव्यांग व्यक्ती कोणाच्याही आधाराविना आत येऊ शकली, तरच ते काम पूर्ण झाले असे समजावे.