चीजचे गाव आणि भाकरीचे रहस्य



प्रेषित संत याकोब यांच्या कबरीच्या दर्शनासाठी स्पेनमधील सांतियागो शहराकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत, सुमारे १३०० मीटर उंचीवर, ओ सेब्रेइरो हे लहानसे गाव लागते. दगडी घरे, गवताची छपरे आणि गाईच्या दुधाचे चीज ही त्याची ओळख. साकळलेले दूध फडक्यात निथळवून, मीठ घालून मळतात आणि साच्यात भरतात. साच्याबाहेर आलेल्या भागामुळे ते स्वयंपाक्याच्या टोपीसारखे दिसते.

परंपरा सांगते, की इ. स. १३०० च्या सुमारास हिवाळ्यात एका वादळी दिवशी खालच्या वस्तीतील शेतकरी बर्फ तुडवत येथे मिस्साला आला. वेदीवरील धर्मगुरूंना वाटले, 'एवढ्याशा भाकरी व द्राक्षारसासाठी हा इतके कष्ट का घेतो?' त्याच क्षणी त्यांच्या हातातील भाकरीचे मांस आणि द्राक्षारसाचे रक्त झाले. तो चषक आजही तेथील चर्चमध्ये जपलेला आहे.

दुधाचे चीज होते तेव्हा रूप, चव, घट्टपणा सारे बदलते. डोळ्यांना ते दिसते. ख्रिस्तयागात नेमके उलटे घडते. रंग, चव, आकार तोच राहतो. बदलते ते मूळ तत्त्व. संत थॉमस अक्वायनस यांची ही शिकवण आम्ही सेमिनरीत अभ्यासली, परीक्षेत लिहिली. पण भर पावसात चार-पाचच माणसे मिस्साला आली की आमचेही मन खट्टू होते. त्या धर्मगुरूंना आम्ही कोणत्या तोंडाने हसावे? तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक होते. विश्वास भिजलेल्या शेतकऱ्याकडे होता.

याच गावाला पुढे फादर एलियास वालिन्या हे धर्मगुरू लाभले. ओस पडत चाललेल्या यात्रामार्गावर त्यांनी १९८४ साली पिवळ्या रंगाने बाण रंगवले, म्हणजे अनोळखी वाटसरू चुकू नये. १९८९ साली ते देवाघरी गेले. २०२४ साली सुमारे ५ लाख यात्रेकरूंची सांतियागोत नोंद झाली. एका धर्मगुरूने येणाऱ्याचे कष्ट व्यर्थ मानले. दुसऱ्याने येणाऱ्यासाठी स्वतः कष्ट घेतले.

या रविवारी आपल्या बाकावर उशिरा, घामाघूम होऊन कोणी येऊन बसले, तर कपाळाला आठी न घालता थोडे सरकून जागा देऊ या. तो किती लांबून आला, हे प्रभूला ठाऊक आहे.

चिंतनासाठी: ख्रिस्तयागाला येण्यासाठी आपण शेवटचे कष्ट कधी घेतले?