सैन्य कोणाच्या हुकमाचें?

ज्या गोष्टीचा शेवट श्रोत्यांस आधींच ठाऊक आहे ती रंगवून सांगणें कठीण असतें. पानिपतची हकीकत वाचतांना विश्वासराव पडणार हें मराठी मुलास पहिल्या पानापासून माहीत असतें. तरीही तो शेवटपर्यंत वाचतो. कारण काय झालें याइतकीच तें कसें झालें याची जिज्ञासा मनुष्यास असते.

अमेरिकेंतील जॉर्ज लूकस या दिग्दर्शकानें हेंच कठीण काम पत्करिलें. त्याच्या 'स्टार वॉर्स' या अंतराळयुद्धाच्या कथेचे पहिले तीन चित्रपट १९७७, १९८० व १९८३ सालीं निघाले. त्यांत एक जुलमी साम्राज्य व त्याविरुद्ध उठलेले मूठभर बंडखोर यांचा झगडा होता. पुढें १९९९, २००२ व २००५ सालीं आणखी तीन चित्रपट निघाले. परंतु त्यांची कथा मागच्या काळाची होती. साम्राज्यापूर्वीं तेथें गणराज्य नांदत होतें. तें बुडालें कसें, ही त्या पूर्वकथेची गोष्ट होय.

हे चित्रपट पाहून जगभरचे रसिक आजवर वाद घालीत आले आहेत, आणि कोनसारख्या गांवांतील मुलेंही मधल्या सुटींत त्यांत मागें राहत नाहींत. कांहीं पालकांस हा वेळेचा अपव्यय वाटतो. आमचें मत निराळें आहे. वाद शिस्तीनें घातला तर त्यांतून तर्कशास्त्र व इतिहास असे दोन्ही विषय शिकतां येतात. ती शिस्त कोणती, एवढेंच आज पाहूं.

कथेवर घेतलेले आक्षेप दोन जातींचे असतात. पहिली जात तपशिलाच्या विसंगतीची. १९८३ च्या चित्रपटांत राजकन्या लेया म्हणते कीं, आपली खरी आई आपल्याला अंधुक आठवते. परंतु २००५ च्या चित्रपटांत ती आई, पद्मे, मुलांस जन्म देतांच मरण पावते. मग आठवण आली कोठून? लेखकाचे कैवारी म्हणतात, ती आठवण म्हणजे त्या कथेंतील गूढ शक्तीचा प्रभाव होय. विरोधी म्हणतात, लेखक मागचें विसरला. येथें निकाल देण्यास दोन चित्रपट शेजारीं ठेवणें पुरेसें आहे. दोहोंचा मेळ बसत नाहीं, आणि तो बसविण्यासाठीं बाहेरून कांहीं आणावें लागतें. हा कथेच्या रचनेंतील दोष आहे, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

दुसऱ्या जातीचा आक्षेप असा असतो: 'शहाणीं माणसें असें वागतील काय?' याचें उत्तर चित्रपटांत सांपडत नाहीं. तें मनुष्यस्वभावांत व इतिहासांत शोधावें लागतें. या पूर्वकथेवरील सर्वांत मोठा वाद याच जातीचा आहे. तो समजण्यासाठीं कथेचा सांगाडा थोडक्यांत देतों.

व्यापारी मार्गांवरील कराच्या तंट्यावरून एक व्यापारी संघ नाबू नांवाच्या ग्रहास वेढा घालतो. गणराज्याची सभा नुसती चर्चा करीत बसते. तेव्हां नाबूची तरुण राणी पद्मे, आपल्याच ग्रहाचा प्रतिनिधि पाल्पाटीन याच्या सल्ल्यानें, प्रमुखावर अविश्वासाचा ठराव आणते; आणि त्या रिकाम्या जागीं निवडून येतो तो पाल्पाटीनच. दहा वर्षांनीं अनेक ग्रह फुटून निघूं लागतात. तों असें कळतें कीं, एका दूरच्या ग्रहावर गणराज्याच्या नांवानें एक प्रचंड सैन्य आधींच तयार होत आहे. तें मागविलें कोणी? दहा वर्षांपूर्वीं एका जेडाय योद्ध्याच्या नांवानें मागणी गेली होती, पण तो योद्धा तर मेलेला! कोडें सुटत नाहीं, आणि संकट दाराशीं उभें असतें. सभा पाल्पाटीनला आणीबाणीचे अधिकार देते, व तो त्या सैन्याचा स्वीकार करतो. गणराज्याचे रक्षक म्हणविणारे जेडाय त्याच सैन्याचे सेनानी होतात. शेवटीं पाल्पाटीनचा एक हुकूम सुटतो, आणि तेच सैनिक आपल्या सेनानींस ठार करतात. शत्रुपक्षाचीं सूत्रेंही गुप्तपणें पाल्पाटीनच हलवीत होता, हें फार उशिरां उघडकीस येतें.

येथें चिकित्सक विद्यार्थी विचारतो: 'एवढे ज्ञानी जेडाय, सैन्य कोणी मागविलें, पैसे कोणी दिले, तें कोणाचा हुकूम मानील, याचा शोध न लावतांच तें घेतात कसे? ही तर लेखकाची पळवाट!' आक्षेप सबळ दिसतो. परंतु याचें उत्तर देण्यास आपणांस ताऱ्यांपर्यंत जावें लागत नाहीं. मुंबईच्या उत्तरेस वसई आहे, तेथपर्यंत गेलें म्हणजे पुरें.

नाना फडणीस १८०० सालीं वारले आणि पुण्याच्या दरबारांतील जाणता हात नाहींसा झाला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यानें १८०१ सालीं विठोजी होळकरास पुण्यांत क्रूरपणें मारविलें. त्याचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत त्यानें पेशवे व शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव कोंकणांत पळाला व अखेर इंग्रजांच्या आश्रयानें वसईस पोहोंचला. तेथें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें ईस्ट इंडिया कंपनीशीं तह केला. निदान ६,००० पायदळ व त्याबरोबरचा तोफखाना कंपनीनें पेशव्याच्या रक्षणार्थ कायमचा ठेवावा. त्याच्या खर्चासाठीं पेशव्यानें २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. आणि कंपनीच्या संमतीवांचून इतर राज्यांशीं बोलणीं करूं नयेत, अशा त्या तहाच्या मुख्य अटी होत्या.

आतां आपल्या विद्यार्थ्याचे तिन्ही प्रश्न येथें लावून पाहा. सैन्य कोणाचें? कंपनीचें. खर्च कोणाचा? पेशव्याचा. हुकूम कोणाचा? कंपनीचा. हें सर्व कागदावर स्पष्ट लिहिलेलें होतें, तरी बाजीरावानें सही केली. कारण त्या घटकेला त्याला होळकर दिसत होता, कंपनी दिसत नव्हती. मे १८०३ मध्यें तो इंग्रजी फौजेच्या बळावर पुण्यास परत गादीवर बसला. १८१८ सालीं त्याच कंपनीस शरण जाऊन, वार्षिक आठ लाखांचें वर्षासन घेऊन तो गंगातीरीं बिठूरास गेला. पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा जो सुळका तुम्ही नेहमीं पाहतां, तो किल्लाही त्याच १८१८ सालीं कंपनीच्या फौजेनें घेतला.

तेव्हां जेडायांनीं सैन्याचा धनी न विचारणें, हा कथेंतील दोष म्हणतां येत नाहीं. लेयाच्या आठवणीची विसंगति ही लेखकाची चूक. पण भ्यालेल्या माणसानें रक्षकाचा धनी न विचारणें ही मनुष्यजातीची चूक होय, आणि लेखकानें ती बरोबर टिपिली आहे.

मात्र येथें एक सावधगिरी पाळली पाहिजे. साम्य दिसलें म्हणजे दोन गोष्टी एकच झाल्या असें नव्हे. पेशवाई हें गणराज्य नव्हतें. कंपनीनें आपला हेतु पाल्पाटीनसारखा लपविला नव्हता. अशा तैनाती फौजांचे तह ती इतर राज्यांशीं उघडपणें करीत होती. शिवाय बाजीरावानें स्वतःपुरती सही केली, तर चित्रपटांतील सभेनें टाळ्यांच्या गजरांत साम्राज्याचें स्वागत केलें. उपमा वाट दाखविते. ती पुरावा होत नाहीं.

त्या टाळ्यांवरही पुष्कळांचा विश्वास बसत नाहीं. सभा आपल्याच हातानें आपली सत्ता देईल काय? तर २३ मार्च १९३३ रोजीं जर्मनीच्या लोकसभेनें हिटलरच्या सरकारास सभेवांचून कायदे करण्याचा अधिकार ४४४ विरुद्ध ९४ मतांनीं दिला. त्या मतदानामागें धाकदपटशा होता, विरोधी सभासद अटकेंत होते. तरी दिला तो सभेनेंच. आपल्या देशांतही २५ जून १९७५ रोजीं अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली व ती २१ मार्च १९७७ पर्यंत टिकली. परंतु त्या अनुभवानंतर आपण एक शहाणपणाचें काम केलें. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें 'अंतर्गत अशांतता' हें मोघम कारण काढून 'सशस्त्र बंड' हें कारण घातलें. संसदेची मंजुरी एका महिन्याच्या आंत विशेष बहुमतानें घेतली पाहिजे, व दर सहा महिन्यांनीं ती पुन्हां घेतली पाहिजे, असें ठरविलें. पाल्पाटीन सभेस म्हणाला होता कीं, संकट टळतांच अधिकार परत करीन. परत करण्याचा दिवस मात्र कोणीं लिहून घेतला नव्हता. आपल्या घटनेनें तो लिहून घेतला आहे.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, खुशाल वाद घाला. पण कोणीही रक्षणाचें वचन देऊं लागला, मग तो पडद्यावरचा असो कीं प्रत्यक्षांतला, तर टाळी वाजविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्या: खर्च कोणाचा, हुकूम कोणाचा, आणि मुदत किती? पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलें असे प्रश्न घरीं विचारूं लागलीं तर त्यांस गप्प बसवूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. तुम्ही पाहिलेल्या किंवा वाचलेल्या एखाद्या कथेंतील तपशिलाची विसंगति व स्वभावाविषयींचा आक्षेप यांचें एकेक उदाहरण द्या.

२. वसईचा तह बाजीरावानें केला नसता तर त्याच्यापुढें दुसरे कोणते मार्ग होते? प्रत्येकाचे लाभ व धोके लिहा.

३. तुमच्या वर्गाच्या प्रमुखास एका आठवड्यासाठीं विशेष अधिकार द्यावयाचे आहेत. ते आठव्या दिवशीं आपोआप संपतील असा नियम पांच ओळींत लिहा.