सही मात्र झकास आली

केळीच्या गाड्या भरायला लागल्या की सावद्यात माणूस सापडत नाही, विम्याच्या एजंटला तर मुळीच नाही. तरी एकतीस वर्षं मी हाच धंदा केला. फैजपूर, चिनावल, खिरोदा, रावेर, सगळं स्कूटरवर पालथं घातलं. लोकांनी मला मनापासून "बसा" म्हटलं ते दोनदाच, मुदत संपल्याचा चेक घेऊन गेलो तेव्हा आणि घरातलं कुणी गेल्यावर दारावर बसायला गेलो तेव्हा. उतारवयात मात्र एक वेगळं गिऱ्हाईक भेटत गेलं. म्हातारं, विसरत चाललेलं, आणि आपल्या मागचा खर्च आपणच करून ठेवू म्हणणारं. त्यांच्यापायी माझी बरीच हुशारी उतरली.

१. विसरणं हा आजार असतो, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे त्याला म्हातारपण म्हणतात, साठी बुद्धी नाठी म्हणतात आणि विषय संपवतात. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये मेंदूच्या, मनाच्या आजाराबद्दल प्रश्न असतोच. मी तिथे बिनदिक्कत "नाही" लिहायचो, कारण डॉक्टरचा कागद नाही म्हणजे आजार नाही, असा माझा हिशेब. पुढे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा आकडा वाचनात आला. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्या रात्री मी माझी जुनी डायरी काढून साठीपुढची नावं मोजली. दीडशेच्या वर भरली. हिशेबाने त्यातले दहाअकरा तरी असणार. मला आठवत होता एकच, आणि तोही का आठवत होता ते पुढे सांगतो.

२. माणसाचं सगळं जातं, सही शेवटी जाते. आप्पा जन्मभर केळीच्या व्यापाऱ्याकडे मुनीम. वय त्रेसष्ट. मुलगा म्हणाला, छोटीशी पॉलिसी काढा, त्यांचीच इच्छा आहे. मी फॉर्म भरला, आप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पेनाची निब नखावर तपासली आणि शेपूट वळवून अशी सही केली की कागद उजळला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोस्टातून आला ना रे भो? मनीऑर्डर कोनाची?" घरातले हसले. मीही हसलो. आणि घरी येऊन एजंटच्या गोपनीय अहवालात लिहिलं की प्रस्तावकाची मानसिक स्थिती उत्तम. सही झकास होती ना! त्या महिन्यात माझं टार्गेट थोडक्यात राहिलं होतं, हेही आता सांगून टाकतो.

दोन वर्षांच्या आत आप्पा गेले. इतक्या लवकर क्लेम आला की चौकशी होतेच. भुसावळच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या निघाल्या, पॉलिसीच्या आधीच्या तारखेच्या. मुलाने त्या लपवल्या नव्हत्या, मी विचारल्याच नव्हत्या. विमा कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाने आता तीन वर्षं उलटली की कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण त्या तीन वर्षांत ठेवता येतं. भरलेले हप्ते तेवढे परत आले. गंधमुक्तीचा खर्च मुलाने व्याजाने पैसे काढून केला. मला आमंत्रण होतं. मी गेलो, जेवलो, पंगतीत कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

३. "सही करू शकतो का" आणि "विमा मिळावा का" हे दोन प्रश्न आहेत, आणि मी ते एकच समजत होतो. १८७२ चा करार कायदा मोठा समजूतदार आहे. एरवी भान नसलेला माणूस भानावर असेल त्या घटकेत करार करू शकतो, असं तो म्हणतो. माझ्या पाहण्यातले बरेच जण सकाळी बऱ्यापैकी ताळ्यावर असत आणि दिवेलागणीला बिथरत. मी नेमका संध्याकाळी जाणारा, कारण तेव्हा लोक शेतातून परततात. पण सकाळची ती एक घटका साधली, तरी फाइल पुढे अंडररायटरकडे जाते, आणि त्याला ती घटका नको असते. हा माणूस किती जगेल, पुढची दहा वर्षं हप्ता कोण लक्षात ठेवील, हे त्याला हवं असतं. पूर्वी अंडररायटरला मी दगड म्हणायचो. आता म्हणत नाही, निदान मोठ्याने नाही.

४. जुनं विचारून काही कळत नाही. डॉक्टर कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावतात, पण जिने जन्मात मनगटी घड्याळ बांधलं नाही तिला काट्यांचं काय? मी माझी परीक्षा काढली होती, केळीचा भाव. आणि तिथेच फसलो. एका नानांनी मला कुठल्याशा जुन्या साली नवतीचा भाव काय होता, पिलबागेचा काय होता, तो फरकासकट सांगितला. मी खूश. तेवढ्यात नाना सुनेला म्हणाले, "पाहुन्याले चहा तरी दे." दोन रिकामे कप आमच्या मधेच होते. तेव्हापासून मी हप्त्याचा आकडा सांगतो, चहा पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग विचारतो, नाना, किती भरायचे म्हणालो होतो? वैद्यकशास्त्रात याला काही किंमत नसेल. माझी झोप मात्र त्यावर चालते.

५. ज्या गोष्टीला आपल्याकडे नाव नाही, तिचं तिकडे दुकान आहे. न्यू जर्सीहून एकाचा फोन आला. तिकडे फक्त अंत्यखर्चापुरती लहान पॉलिसी मिळते, तशी आईसाठी इथे काढा म्हणाला. मी माहिती काढली. तिकडेही तब्येतीचे प्रश्न विचारणाऱ्या पॉलिसीत स्मृतिभ्रंश सांगितला की बहुधा नकारच. काहीही न विचारणारी पॉलिसी असते, पण तिच्यात पहिल्या दोनेक वर्षांत माणूस आजाराने गेला तर हप्ते आणि वर थोडं व्याज एवढंच हाती येतं. शिवाय सही करणाऱ्याला आपण काय घेतोय हे कळायला हवंच, प्रश्न विचारा की न विचारा. आपल्याकडे बँकेतून मिळणारी जीवन ज्योती वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांची, पण पन्नाशीच्या आत शिरावं लागतं आणि पंचावन्नला ती संपते. २० रुपयांची सुरक्षा विमा सत्तरीपर्यंत, पण ती अपघाताची. त्याची आई चौऱ्याहत्तरची. "काका, काहीतरी असेलच ना?" त्याने तीनदा विचारलं. आमच्या भागात थंडीने पारा उतरला तर केळीला विमा मिळतो, मी त्याला म्हणालो. विनोद जमला नाही.

६. नव्या पॉलिसीपेक्षा जुनी जास्त बुडते. वीस वर्षं हप्ते भरलेला माणूस एकविसाव्या वर्षी विसरतो आणि नोटिसा पिठाच्या डब्यात ठेवतो. एका घरी वारस म्हणून बायकोचं नाव होतं, ती जाऊन नऊ वर्षं झालेली. भान आहे तोवर वारस बदला, हप्ता खात्यातून आपोआप कापायला लावा, मुलाचा मोबाइल नंबर जोडा. यात मला कमिशन नाही, म्हणून हे आधी सुचलं नसावं.

७. म्हाताऱ्यांना दोन लाख नको असतात, हे मला एका जिजीने दाखवलं. न्यू जर्सीवाल्याचीच आई. मी घरी गेलो ते "नाही" सांगायला. तिच्या मांडीवर कापडी पिशवी, तोंडाला सुतळी. ती सुतळी सोडायची, नोटा मोजायची, पुन्हा बांधायची. अस्थी चांगदेवला न्यायच्या, तापी-पूर्णेच्या संगमावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडीभाडं किती, जेवायला किती पानं, तेही. मी कोण, ते नव्हतं ठाऊक. "माह्या दहाव्याचे पैसे भरले ना रे?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "भरले, जिजी." दहा मिनिटांत चारदा तोच प्रश्न, चारदा तेच उत्तर, आवाज तसूभरही न चढवता. मी सुनेला हळूच सांगितलं, या नोटा बँकेत ठेवा, खातं दोघींच्या नावाने करा, विमा राहू द्या. तिने मान डोलावली.

पाचव्यांदा जिजीने माझ्याकडे हात पुढे केला. "पावती?"

एकतीस वर्षांत पावतीशिवाय एक रुपया न घेतलेला मी खिसे चाचपू लागलो. सुनेने फडताळातून एक कागद काढून तिच्या हातात दिला. जिजीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत नोटांच्या खाली सारला. विजेचं बिल होतं ते, मागच्या एप्रिलचं.