पुसलेला फोटो कुठे जातो?

मंडळी, मागच्या श्रावणातली गोष्ट. दुपारची वेळ होती. आमच्या शेजारच्या वहिनी घाईघाईने दारात आल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "गुरुजी, घात झाला! नातवाने ह्यांचा फोटो पुसून टाकला."

त्यांचे मालक आदल्या वर्षी वारले होते. माणूस कष्टाळू, पण फोटोचं वावडं. उभ्या आयुष्यात एकच फोटो बरा निघाला. पंढरपूरच्या वाळवंटात, कपाळाला बुक्का, आणि चक्क हसताना. मुलाच्या मोबाइलवरून तो घरच्या संगणकात घेतला होता. मोबाइल पुढे विहिरीत पडला. उरला तो फोटो संगणकातच. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं. तोच मोठा करून भिंतीला लावायचा होता.

मी गेलो. नातू मान खाली घालून बसला होता. "जागा संपली होती, गुरुजी. जुने फोटो पुसले," म्हणाला. मी रागावलो नाही. एवढंच विचारलं, "पुसल्यावर संगणकावर आणखी काय केलंस?"

"काही नाही. आजी रडायला लागली."

हे बरं झालं. का बरं झालं, ते पुढे येईलच.

संगणकाच्या पडद्यावर केराच्या टोपलीचं लहानसं चित्र असतं. तिला रिसायकल बिन म्हणतात. आपण फोटो निवडून डिलीटची कळ दाबली, की तो जळून जात नाही. तो ह्या टोपलीत जाऊन पडतो. घरातला कागद केरात टाकावा आणि घंटागाडी यायची असावी, तसं. गाडी येईपर्यंत कागद परत उचलता येतो.

टोपलीवर माउसचं डावं बटण लागोपाठ दोनदा दाबलं. आत तीनशेवर फोटो. एवढ्यात शोधायचा कसा? वरच्या व्ह्यू ह्या शब्दावर जाऊन चित्रं मोठी केली. हळूहळू खाली उतरलो. वहिनी माझ्या खांद्यामागे उभ्या. एकदम म्हणाल्या, "हे बघा! हे बघा आमचे!"

त्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबलं. शब्दांची यादी उघडली. त्यात रिस्टोअर हा शब्द निवडला. फोटो टोपलीतून निघाला आणि जिथे आधी होता त्याच जागी जाऊन बसला. वहिनींनी पडद्यालाच हात जोडले.

आता मूळ जागा कोणती, हेही समजून घ्या. संगणकात कप्पे असतात. त्यांना फोल्डर म्हणतात. मोबाइलवरून वायर लावून घेतलेले फोटो बहुधा पिक्चर्स नावाच्या कप्प्यात जातात. इंटरनेटवरून किंवा संगणकातल्या व्हॉट्सॲपवरून उतरवलेले डाउनलोड्स ह्या कप्प्यात पडतात. पुष्कळांना हा दुसरा कप्पा ठाऊकच नसतो. एकच फोटो दोन्हीकडे असतो आणि जागा उगाच अडते. कप्पा सापडत नसेल तर कळफलकावर विंडोजच्या खिडकीची खूण असलेली कळ आणि ई ही कळ एकत्र दाबा. कप्प्यांची पाटी उघडते. वर उजवीकडे शोधायची चौकट असते. तिच्यात टिंब देऊन जेपीजी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिली, की त्या जागेतले बहुतेक फोटो समोर येतात. फोटोच्या नावाचं हे शेपूट समजा.

इथे एक फसगत होते. फोटो ॲपमध्ये चित्र दिसतं, तेव्हा माणसाला वाटतं की ही वेगळी प्रत आहे. तसं नाही. कप्प्यातलंच चित्र तिथे दिसतं. तिथून पुसलं की कप्प्यातूनही जातं. नातवाची चूक नेमकी हीच होती.

टोपलीवर फार भरवसाही ठेवू नका. तिला ठरावीकच जागा असते. ती भरली की सर्वांत जुनं सामान आपोआप बाहेर जातं. शिफ्ट कळ दाबून डिलीट केलं तर फोटो टोपलीत जातच नाही. पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड लावून त्यातले फोटो पुसले तर तेही टोपलीत येत नाहीत. हे मी स्वतः गमावून शिकलो आहे. शाळेतून निवृत्त झालो त्या दिवसाचे निरोपसमारंभाचे सगळे फोटो एका कार्डावर होते. टोपलीत मिळतील ह्या भरवशावर मी ते कार्ड साफ केलं. टोपली उघडली तर रिकामी. हसू नका. तुमचाही दिवस येतो.

महिनाभराने वहिनींचा मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, "गुरुजी, हा संगणक विकायचाय. गिऱ्हाईक आलंय. सगळे फोटो पुसले, टोपलीही रिकामी केली."

"फोटो कसले होते?" मी विचारलं.

"आधारकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा. अन् घरातल्या बायामाणसांचे."

मी म्हटलं, "मग अजून काही पुसलेलं नाही."

तो चकित झाला. तुम्हीही झाला असाल. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते ना? अमुक धडा अमुक पानावर. समजा अनुक्रमणिकेतली एक ओळ कुणी खोडली. धडा पानावर तसाच राहील. कुणी पानं चाळली तर सापडेल. टोपली रिकामी करणं म्हणजे अशी ओळ खोडणं. जुन्या हार्ड डिस्कवर फोटो तसाच असतो. त्याच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, तरच तो खरा जातो. नातवाने पुढे काही केलं नाही ते बरं, असं मी म्हणालो ते ह्याचसाठी. टोपली भरून जुनं बाहेर गेलं असतं, आणि त्यावर नवं लिहिलं गेलं असतं, तर आजोबा कायमचे गेले असते. एसएसडी ह्या नव्या जातीच्या डिस्कवर मात्र रिकामी ठरलेली जागा डिस्क स्वतःच साफ करत जाते. तिथे परत मिळण्याची आशा कमी.

अमेरिकेत एमआयटी ह्या संस्थेतल्या दोघा संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा अहवाल २००३ साली छापला गेला. १२९ डिस्क चालू निघाल्या. नीट साफ केलेल्या फक्त १२. उरलेल्यांत लोकांची पत्रं आणि क्रेडिट कार्डांचे आकडे निघाले. विकणारे शहाणेसुरते होते, तरी हे झालं.

मग आम्ही काय केलं? आधी वहिनींचा फोटो दोन पेनड्राइव्हवर घेतला. एक त्यांच्या पेटीत, एक माझ्याकडे. दोन्ही उघडून पाहिले. मगच साफसफाई. त्या संगणकात विंडोज ११ होतं. सेटिंग्ज उघडून सिस्टिम, त्यात रिकव्हरी, त्यात रिसेट धिस पीसी. पुढे रिमूव्ह एव्हरीथिंग निवडलं. इथे थांबून चेंज सेटिंग्जमध्ये जावं लागतं. तिथे क्लीन डेटा हा खटका चालू केला. तो चालू केला नाही तर फक्त अनुक्रमणिकाच खोडल्यासारखं होतं. काम संध्याकाळी सुरू केलं. डिस्क मोठी होती, म्हणून रात्रभर चालू ठेवलं. वीज जाऊ नये ह्याची काळजी घेतली.

इतकं करूनही मुलाला एक गोष्ट आठवली. त्याच्या फोनमधून फोटो गूगल फोटोजमध्ये आपोआप जात होते. म्हणजे आधारकार्ड तिथेही. संगणक कितीही घासला तरी इंटरनेटवरची प्रत जात नाही. ती तिथे जाऊन वेगळी पुसावी लागते. तिथेही टोपली आहे. इंटरनेटवर साठवलेला फोटो पुसल्यावर तो त्या टोपलीत ६० दिवस राहतो. आपण आधी रिकामी केली तर लगेच जातो. मुलाने माझ्यासमोर ती रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक संगणक घेऊन गेलं. वहिनी दारात उभ्या होत्या. आत भिंतीवर, नव्या चौकटीत, कपाळाला बुक्का लावलेले त्यांचे मालक हसत होते.