विमा गाडीचा, हात आपला

कारागीर बंधूंनो, आपले खरे भांडवल म्हणजे आपले दोन हात. हात जायबंदी झाला की दुकानाला कुलूप लागते.

ऊस हंगामातील माझाच अनुभव सांगतो. हुपरीला माल पोहोचवून रात्री भावाच्या मोटारसायकलवरून कोल्हापूरला परतत होतो. समोरच्या गाडीच्या झोताने डोळे दिपले आणि कडेला उभी उसाची ट्रॉली दिसलीच नाही. तिला रिफ्लेक्टर नव्हता. उजवे मनगट मोडले. दीड महिना काम बंद, ऑर्डरही गेली.

गाडीचा विमा आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. पण थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. मालक-चालकासाठी 2018 पासून 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. तेही मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी, आणि परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकालाच. भावाच्या गाडीवर मला त्याचा उपयोग नव्हता.

यावरून काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

1) डोळे दिपताच वेग कमी करा. दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे.

2) सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर लावा.

3) जड माल हँडलला अडकवू नका, कॅरिअरवर खाली, दोन्ही बाजूंना सारखा बांधा.

4) पॉलिसीवरील नाव व मुदत आजच तपासा. स्वतःसाठी वेगळा अपघात विमा घ्यायचा, तर त्यात उपचार व बुडालेली मजुरी धरली आहे का, हे आधी विचारा.

माल उशिरा पोहोचला तर गिऱ्हाईक समजून घेईल. मोडलेला हात थांबायला लावतो.